इंग्रजी शब्दकोशातील शेजारी शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकवताना आणि भाषांतराचे काम करताना गेल्या अनेक वर्षांत माझ्याकडे जे प्रश्न पुनःपुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. ते विचारणाऱ्यांत मराठी माध्यमाचे विद्यार्थी आहेत, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आहेत, कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणारे आहेत आणि मुलांचा अभ्यास घेणारे पालकही आहेत. सर्व प्रश्न ज्यांची सुरुवातीची अक्षरे सारखी असून अर्थ निराळे आहेत, अशा शब्दांविषयी आहेत. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले असून, जेथे स्पेलिंगवरच अर्थ अवलंबून आहे तेथे अक्षरे नावाने सांगितली आहेत, जशी आपण शाळेत मोठ्याने म्हणून पाठ करत असू.

१. शब्दकोशात शेजारी असलेल्या शब्दांचे अर्थही एकमेकांच्या जवळचे असतात का?

असतातच असे नाही. शब्दकोशाचा क्रम केवळ अक्षरांवर ठरतो, अर्थाशी त्याचा संबंध नसतो. तरीही शेजारच्या शब्दांकडे नीट पाहिले, तर त्यांचे तीन प्रकार दिसतात. काही शब्द सख्खे असतात, म्हणजे मूळ एक आणि फक्त प्रत्यय निराळा, जसे 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल' (प्रश्न ४). काही चुलत असतात. त्यांचे मूळ एके काळी एकच होते, पण पुढे अर्थांनी वेगळी वाट धरली, जसे दोन 'स्टेशनरी' (प्रश्न ७). आणि काही नुसतेच शेजारी असतात, घराला घर लागून, पण नाते काहीच नाही (प्रश्न ५). एखादी जोडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे एकदा कळले, की ती लक्षात ठेवणे बरेच सोपे जाते, म्हणून खालील उत्तरांत शक्य तेथे शब्दाचे कूळही सांगितले आहे.

२. ऐकलेला शब्द इंग्रजी शब्दकोशात सापडतच नाही. तो शोधायचा कसा?

मराठी कोश वर्णमालेच्या क्रमाने लावलेला असतो आणि आपली वर्णमाला उच्चारावर उभी आहे, त्यामुळे जसे ऐकले तसे शोधले की बहुधा शब्द मिळतो. इंग्रजीत क्रम लिहिलेल्या अक्षरांचा असतो आणि न उच्चारलेले अक्षरही त्यात मोजले जाते. म्हणून 'न्यूमोनिया' आणि 'सायकॉलॉजी' हे दोन्ही शब्द 'पी'मध्ये सापडतात, तर सुरीचा 'नाइफ' आणि गुडघ्याचा 'नी' हे 'के'मध्ये. छापील कोशात प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्या पानावरचा पहिला आणि शेवटचा शब्द दिलेला असतो. आपला शब्द त्या दोहोंच्या मध्ये बसतो का, एवढे पाहत पाने उलटावीत.

हे कौशल्य इंग्रजांनाही शिकवावे लागले होते. रॉबर्ट कॉड्री यांनी १६०४ साली सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचा जो कोश छापला, तो इंग्रजीचा पहिला एकभाषी कोश मानला जातो. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी वाचकाला आधी अक्षरांचा क्रम पाठ करायला सांगितले आहे आणि 'ए'ने सुरू होणारा शब्द आरंभी, तर 'व्ही'ने सुरू होणारा शेवटाकडे पाहावा, असेही समजावले आहे. आजच्या विद्यार्थ्याला शब्द सापडायला वेळ लागला, तर त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

३. शब्दाच्या शेवटावरून अर्थ ओळखता येतो का?

पुष्कळदा येतो, आणि शेजारी शब्दांच्या बाबतीत हीच सवय सर्वांत उपयोगी पडते, कारण त्यांची डोकी सारखी असतात आणि फरक शेपटात असतो. 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेले चार शब्द घेऊ. 'क्रेडिबल' म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा, मग ती बातमी असो वा साक्षीदार. 'क्रेडिटेबल' म्हणजे श्रेय द्यावे असा, प्रशंसनीय. 'क्रेडिटर' म्हणजे ज्याने विश्वासावर पैसा दिला तो, आपला धनको. आणि 'क्रेड्युलस' म्हणजे कशावरही चटकन विश्वास ठेवणारा, भोळसट. साक्षीदाराला 'क्रेडिबल'ऐवजी 'क्रेड्युलस' म्हटले, तर त्याची साक्षच निकालात निघते.

'अल' आणि 'अस' या शेवटांचा फरकही असाच पाहावा. 'इंडस्ट्रिअल' म्हणजे उद्योगधंद्यांविषयीचा, औद्योगिक. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या इंग्रजी नावात तोच शब्द आहे. 'इंडस्ट्रिअस' म्हणजे कष्टाळू, उद्यमी माणूस. 'ज्युडिशिअल' म्हणजे न्यायालयीन, तर 'ज्युडिशस' म्हणजे समंजस, तारतम्य राखणारा. मात्र 'अस' म्हणजे नेहमी चांगला गुण, असे समजू नये. 'ऑफिशिअल' म्हणजे अधिकृत, पण 'ऑफिशस' म्हणजे गरज नसताना मध्ये पडणारा, नको तेथे अधिकार गाजवणारा. नोकरीच्या अर्जात हा शब्द चुकून पडलेला मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

४. 'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल' या दोन्हींना मराठीत 'ऐतिहासिक'च म्हणतात. मग फरक कसा करायचा?

येथे अडचण इंग्रजीइतकीच मराठीचीही आहे, कारण आपण दोन निराळे अर्थ एकाच शब्दावर सोपवले आहेत. 'ऐतिहासिक'च्या जागी एकदा 'इतिहास घडवणारा' आणि एकदा 'इतिहासाविषयीचा' असे ठेवून पाहावे. १ मे १९६० हा महाराष्ट्राच्या दृष्टीने इतिहास घडवणारा दिवस आहे, म्हणून 'हिस्टॉरिक'. कादंबरी इतिहासाविषयीची असते, म्हणून 'हिस्टॉरिकल'. शिवकाळातील एखादे साधे हिशेबाचे पान 'हिस्टॉरिकल' कागद असतेच, पण त्याने इतिहासाला वळण दिले नसेल तर ते 'हिस्टॉरिक' ठरत नाही.

'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित आणि 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचा, कमी खर्चात भागवणारा. 'आर्थिक धोरण' हे 'इकॉनॉमिक' असते. कमी तेल पिणारी गाडी 'इकॉनॉमिकल' असते.

'क्लासिक' आणि 'क्लासिकल' यांविषयीही आता बरेच जण विचारतात, कारण ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्या दर्जासाठी इंग्रजीत 'क्लासिकल' हाच शब्द आहे. प्राचीन, समृद्ध परंपरेशी जोडलेले ते 'क्लासिकल'. आपले शास्त्रीय संगीतही त्याच शब्दाने ओळखले जाते. 'क्लासिक' म्हणजे आपल्या प्रकारातला उत्तम, काळाच्या कसोटीवर टिकलेला नमुना, मग तो एखादा चित्रपट असेल किंवा जुनी मोटार. मराठीत दोन्हींसाठी 'अभिजात' वापरतात, त्यामुळे उलट भाषांतर करताना विशेष जपावे.

५. 'इंडिजिनस' म्हणजे 'इंडिया'चा, म्हणजे भारतीय, असाच अर्थ आहे ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. आपल्याकडे 'देशी गाय', 'स्वदेशी तंत्रज्ञान' अशा ठिकाणी हा शब्द येतो आणि त्याची पहिली चार अक्षरे 'इंडिया'चीच आहेत. पण तो 'आत जन्मलेला' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. ज्या भूमीत जे मूळचे आहे ते तेथे 'इंडिजिनस', मग ती भूमी ऑस्ट्रेलिया असो वा ब्राझील.

या शब्दाचा रकानाच एकदा बोट ठेवून वाचावा. 'इंडिजिनस' म्हणजे मूळचा. त्याच्याखाली 'इंडिजंट' म्हणजे निर्धन, गरजवंत. मग 'इंडायजेश्चन' म्हणजे अपचन. मग 'इंडिग्नंट' म्हणजे अन्यायाने संतापलेला. आणि थोडे खाली 'इंडिगो', म्हणजे नीळ. एकाखाली एक उभ्या असलेल्या या पाच शब्दांपैकी फक्त शेवटचा भारताशी जोडलेला आहे, कारण 'भारतीय पदार्थ' या अर्थाच्या ग्रीक नावावरून निळीला ते नाव मिळाले. बाकी चौघांची मुळे परस्परांहून निराळी आहेत. नुसते शेजारी म्हणतात ते हे.

हा फरक परीक्षेपुरता नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत उपचारार्थ आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात, आणि इंग्रजी कागदावर या निर्धन रुग्णाला 'इंडिजंट' म्हटलेले असते. अशाच एका रुग्णालयात ओळखीच्या आजोबांसोबत मी गेलो होतो. खिडकीवरून त्यांना इंग्रजी अर्ज मिळाला. त्यांच्या नातवाने मथळा 'इंडिजिनस' असा वाचला, 'आजोबा, हा आदिवासींसाठीचा आहे, आपला नाही,' असे सांगितले आणि अर्ज परत केला. मुलगा बारावीत होता आणि हुशार होता, चूक फक्त शेवटच्या काही अक्षरांची होती. आम्ही अर्ज पुन्हा मागून घेतला. त्या दिवसापासून ही जोडी मी प्रत्येक वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

६. प्राचार्यांचा 'प्रिन्सिपल' आणि तत्त्वाचा 'प्रिन्सिपल' कसे लक्षात ठेवायचे?

उच्चार दोन्हींचा सारखाच आहे, म्हणून शेवट पाहावा. 'एल-ई'ने संपणारा शब्द नेहमी नाम असतो आणि त्याचा अर्थ नेहमी तत्त्व, सिद्धान्त किंवा नियम असाच असतो. याखेरीज जे काही असेल ते सर्व 'ए-एल'मध्ये येते. प्राचार्य, प्रमुख या अर्थाचे विशेषण, आणि कर्जाचे किंवा ठेवीचे मुद्दल, असे त्याचे अनेक अर्थ आहेत. मुद्दल हा अर्थ बरेच जण विसरतात. बँकेच्या उताऱ्यात व्याजाच्या शेजारी जो शब्द असतो तो हाच आणि तेथे 'एल-ई' लिहिणे चूक आहे. दोन्ही शब्द 'पहिला, मुख्य' या एकाच लॅटिन कुळातले आहेत, म्हणजे ही चुलत भावंडे.

७. वह्या-पेनांची 'स्टेशनरी' आणि थांबलेल्या वाहनाची 'स्टेशनरी' हे एकच शब्द आहेत का?

आज ते दोन वेगळे शब्द आहेत. शेवटून तिसरे अक्षर 'ए' असेल तर अर्थ 'स्थिर, जागचे न हलणारे'. तेथे 'ई' असेल तर लेखनसामग्री. पण त्यांचे मूळ खरोखरच एक आहे आणि ते जाणून घेण्यासारखे आहे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते फिरते असत, जत्रेतून जत्रेत जात. विद्यापीठांच्या आसपास मात्र ग्रंथांच्या प्रती विकणारे ठरावीक जागी दुकान मांडून बसत. एका जागी बसणारा म्हणून तो 'स्टेशनर', आणि त्याच्याकडे मिळते ती 'स्टेशनरी'. लंडनमधील छापखानेवाल्यांच्या आणि पुस्तकविक्रेत्यांच्या 'स्टेशनर्स' संघाला १५५७ साली राजसनद मिळाली. पुढे ग्रंथविक्री वेगळी झाली आणि कागद, शाई, लेखण्या यांनाच ते नाव उरले. 'स्टेशनर'च्या शेवटी 'ई-आर' आहे, तोच 'ई' 'स्टेशनरी'त टिकला, असे लक्षात ठेवले की पुरते. मराठीत 'स्थिर' आणि 'लेखनसामग्री' असे दोन स्वच्छ शब्द असल्याने भाषांतरात गोंधळ होण्याचे कारणच नाही.

८. नगरसेवक 'कौन्सिलर' आणि मुलांना सल्ला देणारेही 'कौन्सिलर'. हे कसे काय?

उच्चार आपल्याकडे एकच झाला आहे, स्पेलिंग निराळे आहे. 'कौन्सिल' हा शब्द 'सी-आय-एल'ने संपला तर अर्थ परिषद, सभा, जशी आपली विधान परिषद. तिचा किंवा नगर परिषदेचा सदस्य तो 'कौन्सिलर'. 'एस-ई-एल'ने संपणाऱ्या 'कौन्सेल'चा अर्थ सल्ला, सल्ला देणे, तसेच न्यायालयात बाजू मांडणारा वकील. त्यावरून समुपदेशकाचा 'कौन्सेलर'. हे दोन शब्द लॅटिनमध्येही वेगळेच होते, जवळजवळ सारख्या उच्चारामुळे युरोपातच त्यांची सरमिसळ झाली.

वैद्यकीय प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. 'नीट'नंतर अखिल भारतीय कोट्याचे प्रवेश 'मेडिकल कौन्सेलिंग कमिटी' करते. तिचा पूर्वीच्या 'मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया'शी घोटाळा करू नये. ती परिषद २०२० मध्ये बंद होऊन तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आणखी एक सूचना अशी, की प्रवेशप्रक्रियेतले 'कौन्सेलिंग' म्हणजे महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरून जागावाटप करणे. समुपदेशन या अर्थाशी त्याचा फारसा संबंध राहिलेला नाही, म्हणून मराठीत त्याला 'प्रवेशफेरी' म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

९. 'कॉम्प्लिमेंट' म्हणजे स्तुती की पूरक?

मधले अक्षर पाहावे. 'एल'नंतर 'आय' असेल तर स्तुती, प्रशंसा. 'एल'नंतर 'ई' असेल तर पूरक, म्हणजे उणीव भरून पूर्णत्व आणणारे. 'पूर्ण' या अर्थाच्या 'कम्प्लीट' शब्दातही 'एल'नंतर 'ई'च आहे. मूळ दोन्हींचे एकच, 'भरणे, पूर्ण करणे' या अर्थाचे. शिष्टाचार पूर्ण करणारे गोड बोलणे, अशा वाटेने स्तुतीचा अर्थ आला. पुस्तकाची विनामूल्य भेट प्रत 'आय'वाली असते.

गणितात मात्र एक गाठ आहे आणि सेमी-इंग्रजीतल्या मुलांचा तेथे नक्की गोंधळ होतो. ज्या दोन कोनांची बेरीज ९० अंश असते त्यांना इंग्रजीत 'कॉम्प्लिमेंटरी' ('ई'वाले) म्हणतात, पण मराठी पाठ्यपुस्तकात त्यांना कोटिकोन म्हणतात. मराठीतले पूरककोन हे १८० अंशांचे, इंग्रजीत 'सप्लिमेंटरी'. म्हणजे एरवी 'पूरक'साठी जो इंग्रजी शब्द बरोबर आहे, तोच भूमितीत लावला की उत्तर ९० अंशांनी चुकते. पालकांनी येथे शब्दाला शब्द न लावता बेरीज विचारावी.

१०. 'अ‍ॅडव्हाइस' आणि 'अ‍ॅडव्हाइज', 'प्रॅक्टिस', 'लायसन्स' यांत 'सी' कुठे आणि 'एस' कुठे?

ब्रिटिश पद्धतीत नाम असेल तर 'सी', क्रियापद असेल तर 'एस'. दिलेला सल्ला 'सी'ने, सल्ला देणे 'एस'ने. डॉक्टरांचा व्यवसाय 'सी'ने, व्यवसाय करणे 'एस'ने. वाहन चालवण्याचा परवाना 'सी'ने, परवाना देणे 'एस'ने. आपली सरकारी आणि शालेय इंग्रजी प्रामुख्याने याच पद्धतीची आहे. अमेरिकेत मात्र 'प्रॅक्टिस' दोन्ही अर्थी 'सी'ने आणि 'लायसन्स' दोन्ही अर्थी 'एस'ने लिहितात. 'अ‍ॅडव्हाइस'चा फरक दोन्हीकडे सारखाच पाळला जातो, कारण तेथे उच्चारही बदलतो. नामात 'स' आहे, तर क्रियापदात साधारण आपल्या 'जवळ'मधल्या दंततालव्य 'ज'सारखा ध्वनी आहे. लिपीत आपण 'जवळ' आणि 'जग' यांचा 'ज' वेगळा दाखवत नाही, पण कान त्यांतला फरक ओळखतो, आणि हाच कान येथे कामी येतो.

११. 'अ‍ॅडव्हाइस'चे अनेकवचन होत नाही असे शिकलो, पण बँकेच्या कागदावर ते दिसते. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. 'सल्ला' या अर्थी तो शब्द मोजता येत नाही, म्हणून त्याला अनेकवचनाचा 'एस' लागत नाही. बँकेत आणि व्यापारात तोच शब्द 'व्यवहाराची लेखी सूचना' या अर्थी येतो. रक्कम जमा झाल्याची किंवा वजा झाल्याची चिठ्ठी म्हणजे 'अ‍ॅडव्हाइस', आणि चिठ्ठ्या मोजता येतात.

१२. 'कंटिन्युअल' आणि 'कंटिन्युअस' यांत खरेच काही फरक आहे का?

आहे, आणि तो समजून घ्यायला मराठीइतकी सोयीची भाषा नाही, कारण पाऊस आपण फार बारकाईने ओळखतो. सरीवर सरी येत राहतात, मध्ये ऊन पडते, पुन्हा सर येते. हे 'कंटिन्युअल', म्हणजे पुनःपुन्हा, वारंवार घडणारे. संततधार लागते, किंवा विदर्भ-मराठवाड्यात म्हणतात तशी झड लागते आणि दोन-दोन दिवस धार तुटत नाही. हे 'कंटिन्युअस', म्हणजे अखंड. वीज दर तासाला जात असेल तर तो 'कंटिन्युअल' त्रास. शाळेतल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनासाठी इंग्रजीत 'कंटिन्युअस' शब्द आहे, कारण वर्षभर न तुटता चालणारे मूल्यमापन तेथे अभिप्रेत आहे. चांगल्या लेखकांच्या हातूनही 'कंटिन्युअल' कधी कधी 'अखंड' या अर्थी वापरला जातो, म्हणून दुसऱ्याच्या वाक्यात तो तसा दिसला तर लगेच चूक ठरवू नये. स्वतः लिहिताना मात्र भेद पाळावा.

१३. 'बायअ‍ॅन्युअल' म्हणजे वर्षातून दोनदा की दोन वर्षांतून एकदा?

वर्षातून दोनदा, म्हणजे सहामाही. दोन वर्षांतून एकदा यासाठी 'बायेनिअल' हा वेगळा शब्द आहे, आपला 'द्वैवार्षिक'. महाराष्ट्र विधान परिषदेचे ७८ सदस्य एकदम निवृत्त होत नाहीत, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश निवृत्त होतात, म्हणून त्या निवडणुकांना द्वैवार्षिक निवडणुका म्हणतात. राज्यसभेचेही तसेच.

'बायमंथली'ची गोष्ट निराळी आहे. त्या शब्दाला इंग्रजीत दोन्ही अर्थ आहेत, महिन्यातून दोनदा आणि दोन महिन्यांतून एकदा. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाबाबत तो दुसऱ्या अर्थी वापरतात. मराठीत 'पाक्षिक' आणि 'द्वैमासिक' असे निःसंदिग्ध शब्द असताना इंग्रजी शब्दाचा आग्रह धरू नये. इंग्रजीतच लिहायचे असेल तर 'दर दोन महिन्यांनी' असे सरळ लिहावे.

१४. एका अक्षराच्या फरकाने अर्थ अगदी उलटा होतो, असे शब्द आहेत का?

आहेत. 'प्रिस्क्राइब' आणि 'प्रोस्क्राइब' ही जोडी सर्वांत धोक्याची. पहिल्याचा अर्थ विहित करणे, ठरवून देणे. डॉक्टर औषध 'प्रिस्क्राइब' करतात, विद्यापीठ पाठ्यपुस्तक 'प्रिस्क्राइब' करते. दुसऱ्याचा अर्थ बंदी घालणे. 'आधी लिहून देणे' यावरून पहिला शब्द आला. दुसरा 'जाहीरपणे लिहून लावणे' यावरून, कारण प्राचीन रोममध्ये ज्यांना कायद्याचे संरक्षण काढून घेतले जाई त्यांची नावे चव्हाट्यावर फलकावर लिहून लावत. ख्रिस्तपूर्व ८२ साली रोमन सेनापती सुल्ला याने लावलेल्या अशा याद्या कुप्रसिद्ध आहेत. ब्रिटिश राजवटीत १९१० च्या वृत्तपत्र कायद्यासारख्या कायद्यांखाली जे साहित्य जप्त झाले, त्याला अभिलेखागारांत 'प्रोस्क्राइब्ड' म्हणतात. संशोधक विद्यार्थ्याने तो शब्द 'प्रिस्क्राइब्ड' वाचला, तर जप्त झालेले पुस्तक त्याच्या प्रबंधात पाठ्यपुस्तक होऊन बसेल.

१५. साठेबाजीलाही 'होर्डिंग' आणि रस्त्यावरच्या फलकालाही 'होर्डिंग'. स्पेलिंगही तेच. हे कसे?

हे दोन स्वतंत्र शब्द असून स्पेलिंग योगायोगाने एक झाले आहे. चांगल्या कोशात त्यांच्या डोक्यावर १ आणि २ असे आकडे घालून वेगळ्या नोंदी दिलेल्या असतात. साठा या अर्थाचा 'होर्ड' जुन्या इंग्रजीतला आहे. फलकाचा 'होर्डिंग' कुंपण या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाकडून आला. बांधकामाभोवती फळ्यांचे कुंपण घालत, त्यावर जाहिराती चिकटवत आणि कालांतराने फलकालाच कुंपणाचे नाव मिळाले.

टोळी, झुंड या अर्थाचा 'होर्ड' आणखी वेगळा. त्यात 'ए' नाही आणि शेवटी 'ई' आहे. तो छावणी या अर्थाच्या तुर्की 'ओर्दू'वरून आला आणि 'उर्दू' हे भाषेचे नावही त्याच शब्दावरून पडले. इंग्रजी कोशातला हा शब्द आपल्या शेजारच्या भाषेच्या नावाचा भाऊ निघावा, हे मला प्रत्येक वेळी नव्याने विलक्षण वाटते.

१६. 'डिस्क्रीट' दोन प्रकारे लिहिलेला दिसतो. बरोबर कोणता?

दोन्ही. शेवटी दोन 'ई' जोडून आणि मग 'टी' असेल तर अर्थ विवेकी, गाजावाजा न करता वागणारा. दोन 'ई'च्या मध्ये 'टी' उभा राहून त्यांना अलग करत असेल, तर अर्थही अलग, सुटा असाच होतो. गणितात आणि संख्याशास्त्रात दुसरा लागतो.

१७. टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहितात. 'इन' म्हणजे 'नाही', मग तो न पेटणारा ना?

कृपया हा गैरसमज मनातून आजच काढून टाकावा, कारण येथे जिवाशी गाठ आहे. 'इन्फ्लेमेबल' म्हणजे चटकन पेट घेणारा, ज्वालाग्राही. येथला 'इन' नकाराचा नाही, 'पेटवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचाच तो भाग आहे. 'फ्लेमेबल'चाही अर्थ तोच, आणि असा गैरसमज होऊ नये म्हणूनच सुरक्षेच्या सूचनांत आता तो अधिक वापरतात. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात. कोशात 'इन्फ्लेमेबल'च्या लगेच खाली 'इन्फ्लमेशन' म्हणजे शरीरातला दाह आणि 'इन्फ्लमेटरी' म्हणजे दाहकारक किंवा प्रक्षोभक हे शब्द आहेत. तिन्हींत आग आहे, हे सख्खे शेजारी. 'इन्व्हॅल्युएबल' या शब्दाविषयीही असाच प्रश्न येतो. तेथे 'इन' नकाराचाच आहे, पण अर्थ 'मोल करता येणार नाही इतका मोलाचा' असा होतो.

१८. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' या यादीत का नाहीत?

कारण ते शेजारी नाहीत. एक 'ए'मध्ये आहे आणि दुसरा 'ई'मध्ये, मध्ये शेकडो पाने आहेत. तरी प्रश्न सतत येतो म्हणून थोडक्यात सांगतो. बहुतेक वेळा 'अफेक्ट' हे क्रियापद, परिणाम करणे, आणि 'इफेक्ट' हे नाम, परिणाम. अपवाद दोन. 'इफेक्ट' क्रियापद म्हणून आला तर अर्थ 'घडवून आणणे', उदाहरणार्थ बदल घडवून आणणे. आणि मानसशास्त्रात 'अफेक्ट' हे नाम असून त्याचा अर्थ भावावस्था, चेहऱ्यावर व वागण्यात दिसणारी भावना, असा आहे. रुग्णाच्या कागदावर तो शब्द दिसला तर तो दुरुस्त करू नये.

१९. मोबाइल किंवा संगणक या चुका लाल रेघेने का दाखवत नाही?

साधी स्पेलिंग-तपासणी एवढेच पाहते, की लिहिलेला शब्द कोशात आहे की नाही. शेजारी शब्दांत दोन्ही कोशात असतात, त्यामुळे चुकीचा शब्दही तिच्या लेखी बरोबरच ठरतो. वाक्याचा अर्थ पाहून सुचवणारी साधनेही आता आहेत, पण 'प्रिस्क्राइब्ड'च्या जागी 'प्रोस्क्राइब्ड' चपखल बसणारी वाक्ये सहज लिहिता येतात आणि तेथे त्यांचाही इलाज चालत नाही.

आपल्या हातून नेहमी चुकणाऱ्या चार-पाच जोड्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवाव्यात आणि पत्र पाठवण्यापूर्वी त्यांतला प्रत्येक शब्द मजकुरात शोधून, त्याच्या जागी मराठी अर्थ ठेवून वाक्य एकदा वाचावे. माझ्या स्वतःच्या यादीत आजही 'प्रिन्सिपल'ची जोडी पहिली आहे, आणि दुसरी 'इंडिजंट'ची.